उभी मान, आडवी मान

१९ सप्टेंबर २००३

मारिट,

'प्रिय' लिहिलेलं नाही, कारण जूनपासून मी तुझ्यावर चिडलेली आहे आणि चीड अजून गेलेली नाही. पण काम पडलं की चीड बाजूला ठेवावी लागते, म्हणून लिहिते.

बालगृहातलं सगळं तू सोडून गेलीस तसंच आहे. बॉयलर बंद आहे. गेरोव साहेब म्हणतात, थंडी पडू दे, मग बघू. थंडी पडली की म्हणतील, आता मधेच कसं काढायचं. माझे गुडघे जिना चढताना बोलतात आणि तुझ्या वर्गाच्या फळ्यावर तुझं शेवटचं अक्षर अजून तसंच आहे, कुणी पुसलेलं नाही. दोन वर्षं फुकट शिकवायला आलीस, आणि वर्ष संपायला दोन आठवडे उरले असताना मुलांचा निरोपही न घेता गेलीस. असो.

काम इस्क्राचं आहे. तिची बहीण वेसेला तुला आठवत असेल, दर रविवारी केळी घेऊन यायची आणि साहेबांच्या भीतीने फाटकाबाहेरच उभी राहायची, ती. आता बावीस वर्षांची झाली. शिवणाच्या कारखान्यात कायम झाली, दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि ऑगस्टमध्ये तिने अर्ज केला की माझ्या बहिणीला माझ्याकडे द्या. पाच तारखेला जिल्ह्याहून बालकल्याणच्या लालोवा बाई चौकशीला आल्या. साहेबांच्या खोलीत इस्क्राला बोलावलं, जवळ घेतलं आणि विचारलं, "बाळा, ताईकडे राहायला जायचंय का?"

इस्क्राने उभी मान हलवली. चांगली दोनदा. हनुवटी कॉलरच्या बटणाला टेकेपर्यंत.

बाईंनी कागदावर लिहिलं: मुलीचा नकार.

आता कळलं का तुझ्याकडे काय काम आहे ते? तुझा पहिला दिवस आठव. पातेलं घेऊन तू जेवणघरात फिरत होतीस, "सूप हवं? अजून हवं?" असं विचारत. पोरं बिचारी आमच्या बल्गेरियन रीतीने जीव तोडून आडवी मान हलवत होती, हो हो म्हणून. तू आपली "बरं, नको तर नको" म्हणत पातेलं पुढे नेत होतीस. चाळीस पोरं उपाशी ठेवलीस आणि वर मला म्हणालीस, "किती कमी खातात गं ही मुलं!" मी हसून हसून भिंतीला टेकले होते. आपण दोघी तेव्हा मैत्रिणी झालो, असं मला वाटायचं.

मग तू वर्गात खेळ काढलास, हॉलंडची मान. उभी म्हणजे हो, आडवी म्हणजे नाही. मोठ्या पोरांना तो खेळ होता; वर्गाबाहेर आली की ती पुन्हा आपल्या मानेवर यायची. पण इस्क्रा आल्या दिवसापासून एक शब्द बोललेली नाही. तिच्याकडे सगळ्या जगाशी बोलायला एक मानच आहे, आणि तिने ती तुझी घेतली.

मी त्या वेळी खोलीत नव्हते. अंगणात मिरच्या भाजत होते. नंतर कळलं.

तर तू त्या कार्यालयाला सहीचं पत्र लिही, की ही मान मी शिकवली आणि या मुलीची उभी मान म्हणजे हो. बल्गेरियन कुणाकडून तरी तपासून घे. मागे तू साहेबांना 'आदरणीय' लिहायचं तिथे 'आजारी' लिहिलं होतंस, ते दोन दिवस कपाळाला हात लावून बघत होते.

घाई कर. वेसेलाने नकाराचा कागद फाटकात उभं राहून वाचला, केळी माझ्या हातात दिली आणि निघून गेली. गेल्या रविवारी ती आलीच नाही. आणि इस्क्राने उशीच्या अभ्र्यात आपले कपडे भरून ठेवलेत. रोज सकाळी बूट घालून पायरीवर बसते. तिच्या मते ती हो म्हणालेली आहे, तेव्हा आता कुणीतरी न्यायला येईल.

दोब्रिना


११ ऑक्टोबर

मारिट,

तुझी चार पानं मिळाली. त्यांत तीन पानं नुसते प्रश्न. तू पोलिसात भरती का नाही झालीस?

तुझं पत्र कार्यालयातही पोचलं. लालोवा बाईंचा साहेबांना फोन आला. म्हणाल्या, परदेशातल्या बाईच्या पत्रावर मी निर्णय फिरवू शकत नाही. तेव्हा खोलीत जे हजर होते त्यांच्यापैकी कुणीतरी लेखी द्यायला हवं की मुलीने 'हो' म्हटलं होतं. साहेब म्हणाले, मी फोनवर होतो, मी पाहिलं नाही. ते खरंच बोलले. त्या माणसाला चाळीसांतल्या दहा मुलांचीही नावं येत नाहीत, माना काय पाहणार?

म्हणजे रस्ता बंद. मी तरी काय करू?

तू विचारतेस, "तू खोलीत नव्हतीस, तर तिची हनुवटी बटणाला टेकलेली तुला कशी दिसली?" अगं, कुणीतरी सांगितलं असेल. मला सव्वीस वर्षं झाली इथे; या घरात कोण शिंकलं तेही मला बसल्या जागी कळतं. पुन्हा हे विचारू नकोस.

आणि बहिणीकडे गेली म्हणजे सगळं सोन्याचं होईल हे तुला कुणी सांगितलं? रोस्का आठवते? तू यायच्या आधीची गोष्ट. काकाकडे पाठवली वाजतगाजत, मी स्वतः वेण्या घातल्या होत्या. सात महिन्यांनी परत आणून सोडली तेव्हा डोक्याचा गोटा केलेला होता आणि कुणी हात उचलला की टेबलाखाली शिरायची. तुम्ही बाहेरून येता, तुम्हाला वाटतं घर म्हणजे घर. आम्ही परत आलेल्यांचे डोळे पुसतो.

इस्क्रा अजून पायरीवर बसते. सकाळी दव असतं, मी तिच्याखाली गोणपाट घालते. थकले गं मी.

दोब्रिना


१४ ऑक्टोबर

मारिट,

हे पत्र आधीच्या पत्राच्या मागोमाग पाठवते आहे. दोन्ही एकदम मिळाली तर हे आधी वाच.

मी खोलीत होते.

इस्क्राने माझ्या एप्रनचं टोक सोडलं नाही, म्हणून लालोवा बाई म्हणाल्या, तुम्हीही थांबा. मी कपाटापाशी उभी होते. मिरच्या भाजत होते हेही खोटं नाही. तिथूनच उठून आले होते, हात काळे होते आणि खोलीभर माझाच वास येत होता.

आमचं 'नाही' कसं असतं तुला माहीत आहे. डोकं आधी वर उडतं, जिभेचा टक् असा आवाज येतो, मग ते खाली येतं. तिचं डोकं आधी खाली गेलं. हनुवटी बटणाला टेकली. ते बटण सकाळी मीच लावलं होतं. तुझी मान होती ती, मारिट. मला दोन वर्षांची सवय. आंधळी असते तरी ओळखली असती.

आणि हे कुणालाही सांगितलेलं नाही. लालोवा बाई लिहायच्या आधी थांबल्या. त्या वाईट नाहीत, नुसत्या दमलेल्या असतात, माझ्यासारख्याच. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "बाई, तुम्ही ओळखता हिला. हे 'नाही'च ना?"

मी आडवी मान हलवली.

आडवी. म्हणजे आमच्यात, हो, 'नाही'च. मी नुसती मूग गिळून बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी उत्तर दिलं. इस्क्राने माझी आडवी मान पाहिली आणि तिला काय वाटलं असेल ते मी महिनाभर विचार करते आहे. तिच्या हिशेबाने आडवी म्हणजे 'नाही'. तिला वाटलं असेल, दोब्रिना मावशी नको म्हणते आहे. तरीसुद्धा ती बूट घालून बसते.

रोस्काचं कारण मी त्याच संध्याकाळी शोधून काढलं. खोलीत उभी होते तेव्हा रोस्का माझ्या मनातही नव्हती. माझा प्लामेन अकरा वर्षं स्पेनमध्ये टोमॅटो तोडतो आहे, ईस्टरला फोन करतो आणि पहिल्याच मिनिटाला विचारतो, "आई, तिकडे पाऊस पडला का?" जसा काही मी हवामानखात्यात कामाला आहे. आणि ही पोरगी दुपारी झोपते तेव्हा माझी बाही मुठीत धरून झोपते. मी तिच्या खाटेशी तास तास वाकून बसते, पाठ मोडते, पण बाही सोडवून घेत नाही. मला ती हवी होती. याहून दुसरं कारण नाही.

जूनमध्ये स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर मी तुला बोलले ना, की "तुम्ही यायचं, पोरांना लळा लावायचा आणि फोटो काढून निघून जायचं, मागे रडणं आम्ही आवरायचं"? ते सगळं खोटं होतं असं नाही. पण मी ते बोलले कारण इस्क्रा त्या दिवशी तुझ्या मांडीवर बसली होती. तू दुसऱ्याच दिवशी सामान बांधशील असं मला वाटलं नव्हतं.

तुझी इस्क्राला आलेली तीन कार्डं माझ्या कपाटात आहेत, एप्रनांच्या खाली. गायीचं, पवनचक्कीचं आणि ते बर्फावर घसरणाऱ्या पोरांचं.

आता तू मला काय म्हणायचं ते म्हण.

दोब्रिना


९ नोव्हेंबर

मारिट,

तू काहीच म्हणाली नाहीस. अर्धं पान लिहिलंस: "उद्या सकाळची पहिली बस पकड, बाकीचं नंतर." अर्ध्या पानावर मी अर्धा दिवस रडले आणि दुसऱ्या दिवशी बस पकडली.

लालोवा बाईंनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "सव्वीस वर्षं काम करता तुम्ही, बाई! मी त्या खोलीत तुमच्यावर विसंबले."

मी म्हटलं, "माहीत आहे."

"असं का केलंत?"

"ते लिहून घेणार आहात का?"

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. म्हणाल्या, "नाही. नुसतं तुम्ही काय पाहिलं ते लिहा."

मी लिहिलं. अडीच ओळी झाल्या. साहेबांनी मला लेखी ताकीद दिली आणि जानेवारीपासून लहान मुलांच्या खोलीवरून काढून धुलाईवर टाकलं. त्यांना राग माझ्या खोटेपणाचा नाही, कार्यालयासमोर मान खाली गेली त्याचा आहे. ठीक आहे. चादरी मला काही विचारणार नाहीत.

वेसेलाला मी स्वतः जाऊन भेटले, कारखान्याच्या दारात. सुट्टीचा भोंगा झाला, ती बाहेर आली, मला पाहून पांढरी पडली, "काय झालं तिला?" म्हणाली. मी तिथेच सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ओरडेल, अंगावर येईल. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे ती हो म्हणाली होती?" आणि मग तिथेच पायरीवर खाली बसली. मारिट, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुन्हा मुलाखत तीन डिसेंबरला आहे. पण लालोवा बाईंनी अट घातली: "आता माझा मानेवर विश्वास उरलेला नाही, कुणाच्याच. दुसऱ्या कुठल्या तरी रीतीने तिने सांगायला हवं."

मी आधी तिची मानच दुरुस्त करायला गेले. "इस्क्रा, हो म्हणजे आडवी. अशी. बघ माझ्याकडे." ती अशी बघायची की मावशीला भ्रम झाला. बरोबरच आहे. एकदा माझ्या आडव्या मानेने तिचं वाटोळं केलं, आता तीच मान मी तिच्या गळ्यात बांधते आहे.

मग तुझं दुसरं पत्र आलं. खरी मास्तरीण तू! मला हे सुचलं नव्हतं की ती लिहू शकते. म्हणजे, सुचलं होतं, सप्टेंबरमध्येच. तेव्हा मी ते सुचू दिलं नाही. तू सातव्या अक्षरावर शिकवणं सोडून गेलीस, पण आमचं 'दा' म्हणजे 'हो', त्याला दोनच अक्षरं लागतात, पाचवं आणि पहिलं. दोन्ही तिला येतात. तुझ्या फळ्यासमोर आता मी उभी राहते, जेवणानंतर तासभर. माझं अक्षर तुला माहीत आहे, कोंबडीने माती उकरल्यासारखं. पण पोरगी शिकते आहे.

"इस्क्रा, घेवड्याचं सूप हवं?" ती लिहिते, दा. "वाटाणे?" दा. "माझा मार हवा?" थांबते, हसते आणि नुसती बघत राहते. कारण 'ने', म्हणजे 'नाही', त्यातलं एक अक्षर फार पुढे आहे, तिथवर आम्ही पोचलेलो नाही. सध्या आमच्याकडे फक्त होकार लिहून मिळतो. नकाराला मानच.

आता ती सगळीकडे लिहीत सुटली आहे. सांडलेल्या पिठात दा, खिडकीच्या वाफेवर दा. काल साहेबांच्या गाडीच्या धुळीवर हातभर मोठं दा लिहिलं. साहेब बाहेर येऊन ओरडले, "कुणी लिहिलं हे? कशाला 'हो'? कशाला?"

मी म्हटलं, "साहेब, बॉयलर दुरुस्त करू का, असं मनात आलं असेल तुमच्या. उत्तर मिळालं."

खूप दिवसांनी मी हसले. पण रोज ते अक्षर मी तिचा हात धरून गिरवून घेते. मी तिला माझ्यापासून दूर जायला शिकवते आहे, आणि ती ते किती मन लावून शिकते आहे! तुलाही रोज वर्गात असंच वाटायचं का? मी कधी विचारलं नाही तुला.

दोब्रिना


४ डिसेंबर

प्रिय मारिट,

काल झालं ते सगळं क्रमाने सांगते, नाहीतर तू पुन्हा तीन पानं प्रश्न पाठवशील.

लालोवा बाई बाराच्या बसने आल्या. वेसेला त्यांच्या आधीच येऊन अंगणात उभी होती, नवा कोट घालून; कोटाची बाही एका जागी उसवलेली होती आणि ती हाताने झाकत होती. शिवणाच्या कारखान्यातली पोरगी! मी तिला आत घेऊन चहा दिला. पहिल्यांदा ती फाटकाच्या आत आली.

साहेबांच्या खोलीत मी पुन्हा कपाटापाशी. इस्क्राने एप्रन धरला होता. तिला मी एक उसना राखाडी स्वेटर घातला होता, त्याला गळ्याशी बटण नव्हतं. मुद्दामच.

बाईंनी कागद आणि पेन्सिल तिच्यासमोर ठेवली. "ताईकडे राहायला जायचंय का?"

इस्क्राने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं, फरशीकडे. माझी मान मला कुठेच हलू द्यायची नव्हती. मग पेन्सिलीचा आवाज आला. एक अक्षर, थांबली, दुसरं अक्षर. एवढं मोठं लिहिलं की पानात दुसरं काही मावलं नसतं. बाईंनी तो कागद उचलला, उजेडाकडे धरला, घडी घातली आणि फायलीत ठेवला. पेन्सिल आपल्या खिशाला अडकवली.

इथे संपायला हवं होतं. मी एप्रन सोडवून घेणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "नियमाप्रमाणे उलटाही प्रश्न विचारावा लागतो." आणि तिच्याकडे वाकून त्यांनी विचारलं, "इथे दोब्रिना मावशीजवळ राहायचंय का?"

पेन्सिल नव्हती. इस्क्राने उभी मान हलवली.

आमच्या रीतीने, नाही. तुझ्या रीतीने, हो.

तू विचारशील, डोकं आधी वर गेलं की आधी खाली? जिभेचा आवाज आला का? मारिट, मी फरशीकडे बघत होते. वर पाहिलं तेव्हा मान हलत होती, सुरुवात झालेली होती. तू असंही म्हणशील की हो असतं तर तिने पेन्सिल मागितली असती. मागितली असती का? ती कधी काही मागते का?

दोन्हीकडे राहायचं असू शकतं माणसाला. सात वर्षांच्या माणसालाही.

लालोवा बाई पेन काढून थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेच टेबल, तेच कपाट, आणि देवाशपथ, तेच शब्द: "बाई, हे 'नाही'च ना?"

मी आडवी मान हलवली.

त्यांनी लिहून घेतलं. सही केली, साहेबांची सही घेतली, शिक्का मारला. तीनच्या बसने दोघी गेल्या. उशीचा अभ्रा मी त्यांना तसाच देऊन टाकला, साहेब चादरींच्या हिशेबात काय ते बघतील. तुझी तीन कार्डं मी इस्क्राच्या हातात दिली आणि खरं काय ते सांगितलं, की ही उन्हाळ्यातच आली होती, मावशीने लपवली. तिने गायीचं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि तिन्ही कोटाच्या आत ठेवून दिली. बस सुटेपर्यंत ती माझी बाही धरून होती. मग वेसेलाने तिला उचलून आत घेतलं.

बॉयलर अजून बंद आहे. जानेवारीत माझी जागा घेणारी नवीन बाई उद्यापासून काम शिकायला यायची आहे. कोवळी आहे, शहरातली आहे. पहिलं काम तिला मान शिकवायचं.

तुझा फळा मी आज पुसला. आठव्या अक्षरापासून पुढचं उरलेल्या पोरांना कोण शिकवणार, ते मला लिही. तू येत असशील तर तसं लिही, आणि येत नसशील तरी लिही. मात्र शब्दांत लिही.

तुझी
दोब्रिना